मॅनच्या टिप्परला टाटा-कमिन्सचे इंजिन बसवावे का?

पत्राचा सारांश: नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा पट्ट्यात औष्णिक वीजकेंद्रांची राख आणि मुरूम वाहणाऱ्या एका गाडीमालकांचे हे पत्र आहे. त्यांच्याकडे मॅन कंपनीचा सीएलए 25.280 हा दहाचाकी टिप्पर असून त्याची नोंदणी 2013 ची आहे. गाडी त्यांनी जुनी घेतली आणि तिचे दीड वर्षाचे हप्ते अजून बाकी आहेत. गेल्या पावसाळ्यापासून गाडी चढावर दम धरत नाही, काळा धूर सोडते, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये इंजिन ऑइल वरून घालावे लागते, आणि रेल प्रेशर सेन्सर (डिझेलचा दाब मोजणारा भाग) मिळाला नाही म्हणून ती तीन आठवडे उभी राहिली. नागपूरलगतच्या वाडीतील एका मिस्त्रींनी निकाल दिला आहे की या इंजिनाचा माल मिळत नाही, ते काढून टाटाच्या गाडीतले कमिन्स कंपनीचे इंजिन बसवावे, आणि खर्च चार लाख येईल. धाकटे बंधू मात्र मिळेल त्या भावात गाडी विकून मोकळे व्हा, असे म्हणतात. हे इंजिन भरवशाचे आहे का, ते बदलता येईल का आणि बदलावे का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

तुमच्या पत्रात 'माल मिळत नाही' आणि 'इंजिन भरवशाचे नाही' ही दोन वाक्ये एकाच अर्थाने आली आहेत, आणि मिस्त्रींचा सगळा निकाल त्या गफलतीवर उभा आहे. सेन्सरसाठी गाडी तीन आठवडे उभी राहिली, हा पुरवठ्याचा दोष आहे. चढावर दम न धरणे आणि ऑइल पिणे हा कदाचित इंजिनाचा दोष असेल, कदाचित नसेलही. पहिल्याचा इलाज माल कुठून आणायचा हे ठरवण्यात आहे आणि दुसऱ्याचा तपासणीत. इंजिन बदलणे हा या दोन्हींवरचा सर्वांत महागडा आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा मार्ग असल्यामुळे त्याचा विचार शेवटी करू.

आधी हे इंजिन आहे तरी काय, ते पाहू. 2006 मध्ये मॅन आणि फोर्स मोटर्स यांनी भागीदारी केली आणि मध्य प्रदेशातील पीथमपूरच्या कारखान्यात या गाड्या तयार होऊ लागल्या. 2012 मध्ये मॅनने भागीदाराचा वाटा विकत घेतला आणि 2018 मध्ये भारतातील कारभार आवरता घेण्याचे जाहीर केले. तुमच्या गाडीतील इंजिन डी 0836 या जातीचे आहे. सहा सिलिंडर एका रांगेत, 108 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 125 मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची चाल), म्हणजे सुमारे 6.9 लिटर. युरोपात मॅनच्या टीजीएम ट्रकांत आणि बसगाड्यांत हेच घराणे चालते, नौकांसाठीही त्याची आवृत्ती निघालेली आहे. म्हणजे नागपुरात दुर्मिळ असलेले हे इंजिन जगात मुळीच दुर्मिळ नाही. ज्या कंपनीच्या ऑग्सबर्गच्या कारखान्यात 1897 मध्ये रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन चालले, तिच्या इंजिनाला केवळ ओळखीचे नाही म्हणून कामाचे नाही ठरवणे घाईचे होईल. शिवाय आपल्याकडे हे नाव तितके परकेही नाही. लष्करासाठी जबलपुरात 1959 पासून बनलेला शक्तिमान ट्रक मॅनच्याच परवान्यावरचा होता आणि तो किती रगड होता हे विदर्भातल्या जुन्या मिस्त्र्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

उलट, ज्या इंजिनाकडे तुम्ही वळू पाहता त्या कमिन्सच्या बी मालिकेचे 5.9 लिटरचे इंजिन उत्तमच आहे, पण तेही निर्दोष नाही. जुन्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनांत पुढच्या गिअर-केसमधली एक छोटी डॉवेल पिन सैल होऊन गिअरमध्ये पडण्याचा दोष जगभर माहीत आहे, आणि तसे झाले तर सगळा टायमिंगचा भाग जातो. तरीही ते इंजिन भरवशाचे म्हणून ओळखले जाते, कारण त्याचा दोष प्रत्येकाला ठाऊक आहे आणि माल चौकाचौकांत मिळतो. मिस्त्री ज्याला भरवसा म्हणतात त्यात निम्मा वाटा या परिचयाचा असतो. ते चूक आहे असे मी म्हणत नाही, गाडी रस्त्यावर ठेवायची तर परिचयालाही किंमत आहे. पण ती किंमत चार लाख आहे का, एवढेच पाहायचे आहे.

आता तपासणीकडे वळू. तुमची गाडी राख वाहते, ही तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे, आणि ती तुम्ही ओझरती लिहिली आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण 30 ते 45 टक्के असते, आणि त्या राखेत मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना असतात. दोन्ही पदार्थ लोखंड घासणारे आहेत. ही बारीक राख एअर फिल्टरच्या कडेने किंवा फिल्टर आणि टर्बो (इंजिनात जोराने हवा ढकलणारा पंखा) यांच्यामधल्या फाटलेल्या रबरी नळीतून आत गेली, तर कोणत्याही कंपनीचे इंजिन पिस्टनच्या रिंगा आणि बोअर घासून थोड्याच काळात ऑइल पिऊ लागते. तुमच्या गाडीत तसे झाले असेल, तर नवे बसवलेले कमिन्सही त्याच नळीतून तीच राख ओढील आणि तुम्ही पुन्हा इथेच येऊन पोहोचाल.

म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी एवढे करा. एअर फिल्टरच्या पुढची, टर्बोकडे जाणारी नळी सोडवा आणि तिच्या आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवा. फिल्टरनंतरच्या नळीत करडी भुकटी लागता कामा नये, लागली तर राख आत जात आहे हे सिद्ध झाले. नळी निघालीच आहे तर टर्बोच्या पंख्याकडे टॉर्च मारून पाहा. पात्यांच्या कडा धारदार असायला हव्यात. त्या वाळूने घासल्यासारख्या बोथट आणि खडबडीत झाल्या असतील, तर राख बराच काळ जात आहे. मधला नट बोटांत धरून पंखा वर-खाली हलवा. पाती घराला टेकत असतील तर टर्बोचे बेअरिंग गेले आहे आणि ऑइल तिथूनच जळत असण्याची दाट शक्यता आहे. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि इंजिन उतरवण्याचा सल्ला देण्यापूर्वी ते कोणी केल्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही.

धुराच्या रंगाबद्दलही असेच. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. फिल्टर चोंदणे, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची नळी फाटणे, टर्बो मंदावणे किंवा डिझेल फवारणारे नोझल बिघडणे ही त्याची नेहमीची कारणे. रिंगा झिजल्या की धूर निळसर होतो, आणि तुम्ही निळ्या धुराचा उल्लेख कुठेही केलेला नाही. अर्थात ऑइल कमी होते आहे, तेव्हा रिंगांची शंका पूर्ण फेटाळताही येत नाही. ती दूर करण्यासाठी गरम इंजिनाचे बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांच्या कडेने खाली निसटणारा वायू, पाहावे. ऑइल भरण्याचे झाकण काढून नुसते उलटे ठेवले असता वाफेच्या जोराने ते उडत असेल तर आत गळती मोठी आहे, पण हा अंदाज झाला. खरा निर्णय सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावा. एकच सिलिंडर कमजोर निघाला तर काम वेगळे आणि सहाही सारखेच उतरलेले निघाले तर वेगळे. सोबत वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. मोठे ऑइल विक्रेते ही सोय करून देतात. नमुन्यात सिलिकॉन आणि लोह दोन्ही चढलेले दिसले, तर राखेने झीज केली आहे याचा तो कागदोपत्री पुरावाच होय.

कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून जास्त दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या, इंजिनात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सेन्सरने चुकीचे माप दिले किंवा रेलमधला दाब ठरल्याप्रमाणे उभा राहिला नाही, की नियंत्रक इंजिनाची ताकद स्वतःहून कमी करतो. गाडी चढावर दम धरत नाही याचे कारण एवढेच असू शकते, विशेषतः तो सेन्सर नुकताच बदललेला असताना. स्कॅनर असलेल्या ठिकाणी चुकांचे कोड वाचून घ्यावेत आणि सेन्सरच्या जोडणीत ओल किंवा राख शिरली आहे का तेही पाहावे.

समजा, तपासणीत रिंगा-बोअर खरोखरच गेलेले निघाले. तरीही माझा कल त्याच इंजिनाचे काम करून घेण्याकडे राहील. बोअर, क्रँक आणि हेड यांचे यंत्रकाम कोणतीही चांगली लेथशाळा करू शकते, कारण लेथवाल्याला माप लागते, कंपनीचे नाव लागत नाही. अडचण पिस्टन, रिंग, बेअरिंग आणि गॅस्केट संचाची आहे. ती मागताना 'मॅन 280 चा पिस्टन द्या' असे म्हटले की दुकानदार मान हलवतो. इंजिनावरील पट्टीवरचा पूर्ण प्रकार आणि क्रमांक लिहून घ्या, जुन्या भागावरचा पार्ट नंबर वाचा आणि त्या नंबराने चौकशी करा. बसमधल्या आणि नौकेतल्या आवृत्त्यांचे आतले बरेच भाग सारखे असू शकतात, मात्र ऑइल चेंबर, मॅनिफोल्ड आणि फ्लायव्हीलचे घर वेगळे निघू शकते, तेव्हा नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. या गाड्या पीथमपुरात बनल्या, आणि ते नागपूरहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. मुंबई-दिल्लीच्या आधी इंदूर-पीथमपूरकडे विचारपूस करणे सोयीचे पडेल.

तीन आठवड्यांच्या खोळंब्याचा उपाय याहून सोपा आहे. जो भाग एरवी किरकोळ, पण नसला तर गाडी उभी करतो, तो घरात असावा. क्रँकचा आणि रेलचा सेन्सर, डिझेल फिल्टर आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर, पट्टे, थर्मोस्टॅट, वॉटर पंपाचा संच आणि इंटरकूलरच्या नळ्या एवढे कपाटात ठेवले तर वर्षातले बरेचसे खोळंबे टळतील. उमरेड, वणी, चंद्रपूर या कोळसापट्ट्यात याच जातीच्या गाड्या असलेले मालक तुम्हाला चालकांमार्फत शोधता येतील. चार-पाच जणांनी भिशीसारखी वर्गणी काढून महागडे भाग एकत्र घेऊन ठेवले, तर एकट्यावर बोजा पडत नाही.

आता मिस्त्रींच्या प्रस्तावाकडे वळू. इंजिन बसवता येते का, असे विचाराल तर लोखंड कापून-जोडून जवळपास काहीही बसवता येते. चार लाखांत काय-काय धरले आहे, हे मात्र लेखी विचारा. फ्लायव्हीलच्या घराचे माप तुमच्या गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगशी जुळले पाहिजे. क्लचप्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टला बसले पाहिजेत. इंजिन बसवण्याचे फाउंडेशन नवे लागेल, ऑइल चेंबर पुढच्या अॅक्सलला लागता कामा नये, आणि पंखा रेडिएटरपासून योग्य अंतरावर आला पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना हे शेवटचे चुकले, की गरम होणारी गाडी पदरात पडते. ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर, स्टिअरिंगचा पंप, इलेक्ट्रॉनिक अॅक्सलरेटर आणि मीटरची वायरिंग यांचा खर्च बहुधा 'नंतर बघू' या सदरात असतो, आणि गाडी महिनोन्‌महिने गॅरेजात पडते ती तिथेच.

ताकदीचा हिशेबही करून पाहा. तुमच्या गाडीच्या नावातले 280 म्हणजे अश्वशक्ती. टाटाच्या त्याच वजनगटातल्या 2518 मधले 18 म्हणजे 180 अश्वशक्ती, आणि त्यातले 5.9 लिटरचे कमिन्स हेच बहुधा तुम्हाला देऊ केलेले इंजिन आहे. 25 टन वजनाची गाडी कच्च्या रस्त्याने सहा टक्के चढ चढत असेल, म्हणजे 100 मीटरला 6 मीटर, तर ढोबळ हिशेबाने 280 अश्वशक्तीला तिचा वेग ताशी 33 किलोमीटरच्या आसपास राहील आणि 180 ला 21 च्या आसपास. गिअर आणि डिफरन्शियल मूळ इंजिनासाठी नेमलेले असल्यामुळे चालकाला चढावर सतत मधला गिअर शोधत राहावे लागेल, ते वेगळेच. गाडी चढावर दम धरत नाही ही तुमची तक्रार आहे आणि तिच्यावरचा इलाज म्हणून 100 अश्वशक्ती कमी असलेले इंजिन सुचवले गेले आहे, हे तुमच्या लक्षात आले नसावे.

हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारणारेही असतात. भंगारातल्या मॅनचे 280 अश्वशक्तीचे इंजिन आपल्या जुन्या दहाचाकी गाडीत घालावे, असे काही तरुण मालकांना वाटते. त्यांना एवढेच सांगतो की 180 अश्वशक्तीसाठी बनलेला क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा क्राउन-पिनियन तो जोर फार दिवस सोसणार नाही, आणि पुढचा कायदा त्यांनाही तसाच लागू आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि निर्मात्याने मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसारख्या वेगळ्या इंधनासाठी अटींवर सूट आहे, पण एका कंपनीचे डिझेल इंजिन काढून दुसऱ्या कंपनीचे घालणे त्यात बसत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाहीत, असेच म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एवढ्या जुन्या गाडीचे पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी असते, तेव्हा ही गोष्ट फार काळ झाकून राहणारी नाही. त्याहून मोठा धोका अपघाताचा. ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळला नाही, की विमा कंपनीच्या हाती दावा अडवायला आयते कारण मिळते. 'आपला माणूस आहे, पासिंग होऊन जाईल' असे आश्वासन मिळाले असेल, तर अपघातानंतर तो माणूस अपघात दावा न्यायाधिकरणासमोर उभा राहणार नाही, हे गृहीत धरा.

त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन, म्हणजे भंगारात निघालेल्या दुसऱ्या सीएलएचे डी 0836, बसवणे हा मात्र वेगळा आणि शक्यतेतला मार्ग आहे. किमान दहा वाहतूक वाहने असलेल्या मालकांना राज्य सरकार अशा अदलाबदलीसाठी आगाऊ मुभा देऊ शकते, त्यांनीही 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. तुमची गाडी एकच दिसते, तेव्हा काम करण्यापूर्वी आरटीओकडे अर्ज करा, आणि हप्ते बाकी असल्यामुळे वित्त कंपनीची लेखी संमतीही घ्या. इंजिन घेताना विक्रेत्याकडून नंबरासह बिल आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद घ्यावा. तो देत नसेल तर इंजिन कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे, ते चोरीच्या गाडीचे असू शकते. इंजिन तुमच्या गाडीच्या उत्सर्जन टप्प्याचेच असावे. 2013 ची नोंदणी म्हणजे तुमची गाडी बहुधा बीएस 3 ची आहे.

हे सारे करण्याआधी, उद्याच, एक काम करा. ब्लॉकवरची राख-ग्रीस डिझेलच्या फडक्याने पुसून तिथे कोरलेला नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. गाडी तुम्ही जुनी घेतली आहे, आणि आधीच्या मालकाने इंजिन बदलून तुम्हाला न सांगितल्याची शक्यता नाकारता येत नाही. नंबर जुळला नाही, तर दुरुस्तीच्या आधी वकिलाला भेटा.

बंधूंचा सल्ला मी मोडीत काढत नाही. 2028 मध्ये गाडीला 15 वर्षे होतील आणि पुढे फिटनेसचे शुल्कही बरेच वाढते. म्हणजे आज घातलेला पैसा उरलेल्या काळात वसूल व्हायला हवा. गेल्या वर्षी गाडी कोणत्या कारणाने किती दिवस उभी होती, हे चालकाच्या वहीतून काढा, उभ्या दिवसांची बुडालेली कमाई मांडा, आणि तपासणीनंतरचा दुरुस्तीचा अंदाज तिच्याशेजारी ठेवा. दोष टर्बो, नळी किंवा सेन्सरपुरता निघाला, तर विकण्याचे कारणच उरत नाही. पूर्ण इंजिनाचे काम निघाले आणि राखेचे कंत्राट वर्षभरात संपणार असेल, तर विकणेच बरे. त्यातही कोळसापट्ट्यात ज्याच्याकडे याच जातीची दुसरी गाडी आहे, त्याला तुमच्या गाडीचे सुटे भाग म्हणूनही मोल आहे, आणि तो भंगारवाल्यापेक्षा जास्त देईल. तपासणीचे आकडे त्याच्यापासून लपवू नका, तेच दाखवून भाव मागा.

विकताना वित्त कंपनीचा बोजा उतरवून फॉर्म 29 आणि 30 (मालकी बदलाचे अर्ज) भरून आरटीओत नाव बदलून घ्या. नुसत्या नोटरीच्या कागदावर किल्ली देऊ नका, कारण नोंदणीत तुमचे नाव असेपर्यंत त्या गाडीने केलेल्या अपघाताची भरपाई तुमच्याकडून मागितली जाऊ शकते.